झाकली मूठ आणि टिपणवही

सावकाराच्या चोपडीपासून गिरणीच्या हजेरीपटापर्यंत जगात जितक्या वह्या झाल्या, त्या प्रत्येकीला तीन प्रश्न विचारता येतात. ही वही कोणी लिहिली? कोणाविषयी लिहिली? आणि लिहून झाल्यावर ती कोणाच्या कपाटात राहिली? या तीन प्रश्नांची उत्तरे ज्याला देता आली, त्याला त्या काळचा अर्धा इतिहास उमगला असे आम्ही समजतो. आज हेच प्रश्न आम्ही एका निराळ्या वहीला विचारणार आहोत. पोकर नावाचा पत्त्यांचा खेळ संगणकाच्या पडद्यावर खेळणारे लोक आपल्या प्रतिस्पर्ध्यांविषयी जी टिपणे ठेवू लागले, त्या टिपणांचा हा इतिहास आहे.

वसंत व्याख्यानमालेच्या व्यासपीठावर जुगाराचे काय काम, असे कोणी म्हणेल. युनियनच्या माणसाने तर पगाराच्या दिवशी पत्ते कुटणाऱ्यांना उठवून घरी पाठवावे. त्यांचा इतिहास सांगत बसू नये, असेही कोणी म्हणेल. हा आक्षेप रास्त आहे. पगार पत्त्यांत गेला म्हणजे घरातल्या चुलीचे काय होते, हे आम्ही पूर्वी चाळीत पाहिले आणि अलीकडे मोबाइलवरही पाहिले. तेव्हा या खेळाची भलामण करण्याचा आमचा मुळीच हेतू नाही. परंतु आपल्याहून बलवान माणसासमोर जो जो बसतो, त्या प्रत्येकाच्या कामी येईल असा धडा या वहीच्या इतिहासात आहे. तो धडा जुगाराच्या अड्ड्यात पडून राहावा, असे आम्हाला वाटत नाही.

प्रथम खेळ समजून घेऊ. पोकर हा आपल्याकडच्या तीन पत्तीचा जवळचा नातलग. अमेरिकेत एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात न्यू ऑर्लिन्स शहरात आणि मिसिसिपी नदीवरच्या आगबोटींत तो फोफावला. आज त्याचा जो प्रकार सर्वाधिक खेळला जातो, त्याला टेक्सास होल्डेम म्हणतात. प्रत्येकाला दोन पाने झाकून मिळतात. मेजावर क्रमाक्रमाने पाच पाने उघडी होतात, ती सर्वांची सामाईक. चार वेळा पैजेची फेरी होते. प्रत्येक फेरीत माणसाने पैज वाढवावी, बरोबरी करावी, किंवा पाने टाकून द्यावीत. बाकीचे सगळे पाने टाकून मोकळे झाले, तर उरलेला माणूस हातातली पाने न दाखवता सगळी रक्कम उचलतो.

या शेवटच्या नियमातच खेळाचे सगळे मर्म आहे. बहुसंख्य डाव पाने न दाखवताच संपतात. झाकली मूठ सव्वा लाखाची, ही म्हण येथे अक्षरशः खरी ठरते. समोरच्याने हूल दिली की त्याच्या हाती खरोखरच एक्क्यांची जोडी होती, हे पाहायचे असेल तर शेवटपर्यंत पैसे भरून बरोबरी करावी लागते. म्हणजे समोरच्याचे उघडे झालेले पान ही विकत घेतलेली वस्तू होय. मग शहाणा माणूस ती विसरून कशी जाऊ देईल? टिपण ठेवण्याची गरज येथून निर्माण झाली.

जोवर माणसे एका मेजाभोवती समोरासमोर बसत होती, तोवर हे टिपण डोक्यात राही. या काळचा एक मासलेवाईक माणूस म्हणजे हर्बर्ट यार्डली. अमेरिकेतील इंडियाना राज्यात वर्दिंग्टन नावाच्या गावी, दारूच्या गुत्त्यात तो तरुणपणी पोकर शिकला. पुढे १९१९ ते १९२९ या काळात अमेरिकन सरकारच्या गुप्तलिपी उकलणाऱ्या खात्याचा तो प्रमुख होता. १९५७ साली त्याने पोकरच्या शिक्षणावर एक पुस्तक लिहिले, ते फार गाजले. स्वतःची पाने बेताची असली की निमूट टाकून द्यावीत आणि मग समोरच्यांचे वर्तन न्याहाळत बसावे, हे त्याच्या शिकवणीचे सार.

याच यार्डलीच्या हातून वाटाघाटीच्या इतिहासातला एक विलक्षण प्रसंग घडला. १९२१ च्या अखेरीस वॉशिंग्टनला आरमारांच्या मर्यादेविषयी परिषद भरली. मोठ्या लढाऊ जहाजांचे प्रमाण ठरवायचे होते. अमेरिकेच्या दहास आपले सात असावेत, असा जपानचा आग्रह होता; अमेरिका सहावर अडून बसली होती. जपानी सरकार आपल्या प्रतिनिधींना ज्या तारा पाठवी, त्या यार्डलीचे खाते उकलत होते. अगदीच निरुपाय झाला तर सहालाही मान्यता द्यावी, अशी सूचना जपानी प्रतिनिधींना आली आहे, हे अमेरिकनांना आधीच कळले. ते ठाम राहिले आणि १९२२ च्या फेब्रुवारीत सहावरच सही झाली.

येथे दोन गोष्टींतला भेद नीट ध्यानात घ्यावा, कारण पुढचा सगळा इतिहास त्यावर उभा आहे. समोरच्याचे वर्तन पाहून अंदाज बांधणे ही एक गोष्ट, आणि त्याची पानेच चोरून पाहणे ही दुसरी. यार्डलीला दोन्ही विद्या अवगत होत्या. पोकरच्या मेजावर मात्र पहिलीला कसब म्हणतात आणि दुसरीला लबाडी.

पहिल्या विद्येचे शास्त्र पुढे चांगलेच वाढले. माइक कॅरो या अमेरिकन खेळाडूने १९८४ साली खेळाडूंच्या हावभावांवर एक स्वतंत्र ग्रंथच लिहिला. त्यातला मुख्य सिद्धांत असा, की पाने दुबळी असली की माणूस ऐट आणतो आणि पाने भक्कम असली की खांदे पाडून बसतो. दुसरीकडे गणितज्ञांनीही या खेळात लक्ष घातले. जॉन फॉन नॉयमान याने १९२८ साली खेळांच्या गणितावर निबंध लिहिला आणि १९४४ साली अर्थशास्त्रज्ञ ऑस्कर मॉर्गेनस्टर्न याच्या सहकार्याने मोठा ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यात पोकरवर स्वतंत्र विवेचन आहे. हूल देणे हा केवळ स्वभावाचा खोडसाळपणा नाही. अधूनमधून हूल न देणारा माणूस गणितानेच हरतो, हे त्याने दाखवले. समोरचा कोण आहे हे न पाहताही बिनतोड खेळता येईल, अशी एक वाट त्याने उघडली. समोरच्याचा स्वभाव टिपून त्याप्रमाणे खेळणे ही दुसरी वाट. या दोन वाटांची गाठ पुढे पडायची होती.

१ जानेवारी १९९८ रोजी प्लॅनेट पोकर नावाच्या कंपनीने संगणकाच्या जाळ्यावर खऱ्या पैशांचा पहिला डाव लावला. त्या दिवसापासून समोरच्याचा चेहरा नाहीसा झाला. थरथरणारी बोटे गेली, पाडलेले खांदे गेले, कॅरोचा ग्रंथ निम्मा निकामी झाला. पडद्यावर उरले ते एक टोपणनाव, काही आकडे आणि विचाराला लागलेला वेळ. शिवाय डावांची गती वाढली. समोरासमोरच्या मेजावर तासाला पंचवीस-तीस डाव होत. पडद्यावर त्याच्या दुप्पट होऊ लागले, आणि एकच माणूस एका वेळी चार, आठ, कधी त्याहूनही अधिक मेजांवर खेळू लागला. एवढ्या टोपणनावांच्या सवयी कोणाच्या डोक्यात राहणार? तेव्हा कंपन्यांनी प्रत्येक नावामागे एक कोरी चौकट दिली. त्या नावावर बोट दाबावे आणि हवे ते लिहून ठेवावे. तो माणूस पुन्हा केव्हाही मेजावर आला की टिपण तयार.

या चौकटीत बहुतेकांनी प्रथम काय लिहिले असेल, याची श्रोत्यांना कल्पना येईल. 'गाढव आहे', 'नशीबवान चोर', 'याला सोडायचा नाही' असल्या नोंदींनी चौकटी भरल्या. अशा नोंदीने लिहिणाऱ्याचा राग तेवढा कळतो. समोरच्याविषयी काही कळत नाही. जे खेळाडू टिकले, त्यांनी हळूहळू टिपणाची शिस्त बसवली. उपयोगी टिपणाला चार अंगे असतात, असे त्यातून निष्पन्न झाले.

पहिले अंग म्हणजे कृती. समोरचा कसा आहे हे न लिहिता त्याने काय केले ते लिहावे. 'शेवटच्या पानावर मोठी पैज लावली. पाने उघडली तेव्हा हाती काहीच नव्हते,' ही नोंद झाली. दुसरे अंग म्हणजे परिस्थिती. तो आधी बोलणारा होता की शेवटी, समोर एक माणूस होता की चार, त्याच्यापुढे पैशांची रास केवढी होती, हे सोबत हवे. कारण घाईला आलेला माणूस आणि निवांत माणूस एकच पान निराळे खेळतात. तिसरे अंग म्हणजे संख्या. एकदा पाहिले की पाच वेळा, हे लिहिल्याशिवाय नोंदीला वजन येत नाही, आणि तारीख नसली तर जुन्या सवयीवर विसंबून फसगत होते. चौथे अंग सर्वांत महत्त्वाचे. या नोंदीवरून आपण काय निराळे करणार? 'काहीही असले तरी शेवटपर्यंत बरोबरी करतो. याला हूल देऊ नये, चांगले पान आले की पुरती किंमत वसूल करावी.' ज्या टिपणाने आपली पुढची चाल बदलत नाही, ते टिपण कितीही खरे असले तरी वहीचे ओझे होय.

हे वाचले तेव्हा आम्हाला आमच्याच पिशवीतल्या वहीची आठवण झाली. वाटाघाटीला बसणाऱ्या जुन्या कार्यकर्त्यांनी आम्हाला प्रथम हेच शिकवले होते. 'मॅनेजर बदमाश आहे,' असे वहीत लिहू नये. ते घोषणेत म्हणावे. वहीत असे असावे: 'तिसऱ्या बैठकीपर्यंत फक्त तोटा हा शब्द. चौथ्या बैठकीस हिशेबनीस सोबत आला, त्यानंतर आकडा हलला. मागील करारातही असेच घडले.' एवढ्या तीन ओळींवरून पुढच्या खेपेला काय करायचे ते कळते. हिशेबनीस खुर्चीवर बसेपर्यंत आपला शेवटचा आकडा खिशातून काढायचा नाही. पोकरचे खेळाडू आणि युनियनचे कार्यकर्ते यांनी एकमेकांना कधी विचारले नसेल. परंतु झाकल्या मुठीसमोर बसणाऱ्या दोघांनाही एकाच गरजेने सारखी शिस्त लावली.

असो. हाताने लिहिलेल्या टिपणाचे राज्य फार दिवस टिकले नाही. २००१ च्या सुमारास पोकरट्रॅकर नावाचा कार्यक्रम निघाला. कंपनी प्रत्येक डावाचा वृत्तांत खेळाडूच्या संगणकावर उतरवून देत असे. हा कार्यक्रम ते सगळे वृत्तांत वाचून प्रत्येक प्रतिस्पर्ध्याचा हिशेब मांडी. शंभर डावांपैकी किती डावांत त्याने आपखुशीने पैसे घातले? किती डावांत सुरुवातीलाच पैज वाढवली? पहिला आकडा पंचेचाळीस आणि दुसरा पाच असेल, तर हा माणूस मिळेल त्या पानावर आत येतो पण पुढाकार घेत नाही, बहुधा नवखा. वीस आणि सोळा असेल, तर हा निवडक पाने खेळतो आणि खेळला की चढाई करतो, जपून असावे. पुढे हे आकडे खेळ चालू असतानाच प्रत्येक नावाशेजारी पडद्यावर झळकू लागले.

आकड्यांनाही टिपणाचीच शिस्त लागू पडते. वीस डावांवरून काढलेला शेकडा हिशेब म्हणजे निव्वळ योगायोग. काही शेकडा डाव झाले की हे दोन ढोबळ आकडे बोलू लागतात. शेवटच्या पानावर हा माणूस किती वेळा हूल देतो, असला क्वचित येणारा प्रसंग मोजायचा तर हजारो डाव हाताशी लागतात. पुष्कळांनी हे ध्यानात न घेता दहा-वीस डावांच्या आकड्यावर पैसे लावले आणि गमावले. आकडा छापील दिसला म्हणजे खरा वाटतो, हा मनुष्यस्वभाव आहे.

याच सुमारास खेळाला भरती आली. २००३ साली ख्रिस मनीमेकर नावाचा टेनेसी राज्यातला एक हिशेबनीस पडद्यावरच्या स्वस्त स्पर्धेतून लास वेगासच्या जागतिक स्पर्धेत पोहोचला आणि पंचवीस लाख डॉलर जिंकून आला. त्या वर्षी मुख्य स्पर्धेत ८३९ खेळाडू होते. २००६ साली ८,७७३ झाले. जगभरचे कारकून, विद्यार्थी, कामगार आपलेही नशीब उघडेल या आशेने पडद्यासमोर बसले. मेजमालक कंपनीला कोण जिंकतो याची फिकीर नव्हती. ती दर डावातून आपला हिस्सा कापून घेत होती.

आता चित्र पाहा. एका बाजूला दिवसभराचे काम आटोपून आलेला नवखा माणूस, हाती काहीच नाही. दुसऱ्या बाजूला त्याच्याविषयीचे आकडे डोळ्यांसमोर असलेला धंदेवाईक खेळाडू. त्याच्याही पुढची पायरी आली. ज्या मेजावर आपण कधी बसलोच नाही, तेथले डाव यंत्राकरवी नुसते पाहून त्यांचे लाखो वृत्तांत गोळा करण्याचा आणि विकण्याचा धंदा निघाला. स्वतः पैसे भरून पाहिलेले पान टिपणे ही मेहनतीची कमाई. न बसलेल्या मेजाची वही विकत आणून नवख्याला पहिल्याच डावात ओळखणे, याला कमाई म्हणणे आम्हाला जड जाते. कंपन्यांनीही नियम करून असल्या विकत घेतलेल्या नोंदींना बंदी घातली. बंदी मोडणारेही निघाले.

येथवर या वहीचा इतिहास म्हणजे बळकटाने दुबळ्याला टिपून खाण्याचा इतिहास होय. हे सौम्य शब्दांत सांगण्याचे कारण नाही. परंतु २००७ साली याच वहीने निराळे काम केले.

अॅब्सोल्यूट पोकर नावाच्या कंपनीत एक टोपणनाव अंगावर येईल इतके जिंकत होते. शेवटच्या पानावर समोरच्याजवळ काही नसेल तेव्हा हा बरोबरी करी आणि समोरच्याजवळ भक्कम पान असेल तेव्हा मुकाट्याने टाकून देई. सप्टेंबर २००७ मध्ये एका मोठ्या स्पर्धेच्या अखेरच्या डावात त्याने समोरच्याची सर्वस्वाची पैज स्वीकारली, तेव्हा त्याच्याजवळ दश्शीपेक्षा मोठे पान नव्हते. आणि तेवढ्यावर तो जिंकला. हरलेल्या खेळाडूने स्पर्धेचा वृत्तांत मागितला. कंपनीने जो तक्ता पाठवला त्यात सगळ्याच खेळाडूंची झाकलेली पाने होती, आणि कोणते खाते कोणते मेज नुसते पाहत होते याचीही नोंद होती. तो तक्ता चुकून गेला असावा. पण खेळाडूंच्या हाती आला. त्यांनी रात्रंदिवस खपून ताळा घेतला. विजेत्याच्या मेजावर दुसरे एक खाते प्रेक्षक म्हणून येऊन बसले होते, आणि ते आल्यापासून त्याचे खेळणे बदलले होते. त्या खात्याला सर्वांची पाने दिसत होती.

कंपनीने आधी इन्कार केला. मग निरनिराळ्या देशांतल्या खेळाडूंनी आपापल्या संगणकांतले वृत्तांत एकत्र केले. शेकडो खेळाडूंचे आकडे एका आलेखावर मांडले, तेव्हा सगळ्यांचा एक घोळका झाला आणि संशयित खाती त्या घोळक्यापासून कितीतरी दूर, जेथे प्रामाणिक माणूस पोहोचूच शकत नाही अशा जागी दिसली. कंपनीला अखेर गैरप्रकार मान्य करावा लागला. २००८ च्या जानेवारीत कॅनडातील कानावाके येथील नियामक आयोगाने तिला पाच लाख डॉलर दंड केला.

२००८ सालीच अल्टिमेट बेट या तिच्या भगिनी-कंपनीतही हाच प्रकार बाहेर आला. तोही खेळाडूंनी आपल्या वह्या जुळवल्यामुळे. तेथे ही चोरी कित्येक वर्षे चालली होती. आयोगाने या प्रकरणी १९९४ सालचा जागतिक विजेता रस हॅमिल्टन याचे नाव घेतले आणि कंपनीला पंधरा लाख डॉलर दंड केला. खेळाडूंना पैसे परत द्यावे लागले, तेही कोट्यवधी रुपयांच्या घरात.

श्रोतेहो, या प्रकरणात पोलीस नव्हते, सरकारी तपासनीस आधी आला नाही, हिशेबतपासनीसाने काही पकडले नाही. एकमेकांचे वैरी असलेल्या, रोज एकमेकांचे खिसे कापणाऱ्या माणसांनी आपापल्या वह्या एका मेजावर ठेवल्या आणि सगळ्यांची पाने पाहणाऱ्या चोराला पकडले. एकाच्या वहीत तो केवळ नशीबवान माणूस दिसत होता. सर्वांच्या वह्या जुळल्या तेव्हा तो चोर ठरला. पुढच्यास ठेच लागली की मागचा शहाणा होतो. पण त्यासाठी पुढच्याने ठेच कोठे लागली ते सांगावे लागते.

यानंतर कंपन्यांनी काय केले, ते बारकाईने पाहण्यासारखे आहे. २०११ साली बोडॉग या कंपनीने निनावी मेजे सुरू केली. प्रतिस्पर्ध्याचे टोपणनावही दिसेनासे झाले. २०१९ साली पार्टीपोकर कंपनीने डावांचे वृत्तांत खेळाडूच्या संगणकावर उतरवून घेण्याची सोय बंद केली, त्यामुळे आकडे मांडणारे कार्यक्रम तेथे निरुपयोगी झाले. कारण सांगितले ते नवख्यांच्या संरक्षणाचे, आणि ते खोटे नव्हते. नवखा पहिल्याच आठवड्यात लुटला गेला तर तो परत येत नाही, मग कंपनीचा हिस्साही बुडतो. नवख्याला या बदलाने खरोखरच थोडी सावली मिळाली.

परंतु नाणे उलटून पाहा. निनावी मेजावर एखादा माणूस हजार डावांत अशक्य तेवढा जिंकला, तर ते हजार डाव एकाचेच होते हे प्रतिस्पर्ध्यांना कळणार कसे? खेळाडूंच्या वह्या बंद झाल्या. कंपनीची वही मात्र चालूच राहिली, आणि तिच्यात प्रत्येकाचे प्रत्येक पान आहे. दुबळ्याच्या रक्षणासाठी सर्वांच्या वह्या काढून घेतल्या आणि सगळी नोंद एकट्या मेजमालकाच्या कपाटात ठेवली. २००७ सालचा चोर आज अशा मेजावर बसला, तर त्याला पकडण्याचे काम मालकाच्याच मर्जीवर राहील.

मघाशी ज्या दोन वाटांचा उल्लेख केला, त्यांची गाठ २०१७ च्या जानेवारीत पिट्सबर्ग शहरात पडली. कार्नेगी मेलन विद्यापीठातील टुओमास सँडहोम आणि नोम ब्राउन यांनी लिब्राटस नावाचा संगणकीय खेळाडू तयार केला होता. त्याच्यासमोर चार नामांकित माणसे बसली. वीस दिवसांत एक लाख वीस हजार डाव झाले आणि यंत्र सतरा लाखांहून अधिक डॉलरांच्या सोंगट्यांनी जिंकले. माणसे रोज संध्याकाळी एकत्र बसून यंत्राची खोड शोधत, टिपणे जुळवत आणि दुसऱ्या दिवशी तेथेच घाव घालत. यंत्र त्या रात्री काय करी? ते माणसांच्या स्वभावाची टिपणे ठेवत नव्हते. माणसांनी दिवसभरात ज्या जागी घाव घातले, त्या जागी आपल्याच खेळात भोक आहे असे समजून ते रातोरात बुजवी. सकाळी माणसे येत, तो कालची वाट बंद झालेली असे.

यावरून प्रतिस्पर्ध्याची वही निरुपयोगी ठरली, असे काहींनी अनुमान काढले. आम्हाला ते पटत नाही. समोरच्याने कोठे वार केला याची नोंद यंत्रालाही लागलीच; त्याने ती स्वतःच्या दुरुस्तीसाठी वापरली, एवढाच फरक. मालकाने आमच्यातल्या कोणत्या खात्यातली माणसे आधी फोडली, कोणत्या मागणीवर आमच्यात दुफळी माजवली, ही नोंद मालकाविषयी असते तितकीच आमच्याविषयीही असते. प्रतिस्पर्धी जेथे बोट ठेवतो, तेथे बहुधा आपलेच दुखणे असते.

आपल्या देशात या खेळाचा निकाल कायद्याने लागला. १९५७ साली सर्वोच्च न्यायालयाने मुंबई राज्य विरुद्ध चमारबागवाला या शब्दकोड्यांच्या बक्षीस-स्पर्धांच्या खटल्यात कसबाचा खेळ आणि जुगार यांत भेद केला होता. पडद्यावर पोकर चालवणाऱ्या कंपन्या पुढे याच भेदाचा आधार घेत. टिपणांनी आणि अभ्यासाने माणूस जिंकतो, त्याअर्थी हे कसब आहे, असे त्या म्हणत. २०२५ च्या ऑगस्टमध्ये संसदेने केलेल्या कायद्याने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांपुरता हा भेद बाजूला सारला आणि कसब असो वा नशीब, असे खेळ चालवण्यास बंदी केली. आमच्या मते कंपन्यांचे म्हणणे अर्धेच खरे होते. कसब होते, पण ते थोड्यांपाशी होते, आणि त्यांचे पोट बाकीच्यांच्या पगारावर भरत होते.

पोकरची मेजे उठली तरी तसली वही उठलेली नाही. मोबाइलवरून काम घेऊन घरोघरी जेवणाचे डबे आणि सामान पोहोचवणारी मुले आज आमच्याकडे येतात. मुलगा कोठे थांबला, कोणते काम नाकारले, गिऱ्हाइकाने किती तारे दिले, याची कंपनीच्या वहीत क्षणाक्षणाची नोंद असते. मुलाजवळ मात्र काल किती फेऱ्या केल्या आणि किती पैसे कापले गेले याचा कागद नसतो. तो एकटा असतो आणि समोरच्याला त्याची सगळी पाने दिसतात. आपले काम का कमी झाले, असे त्याने विचारले तर यंत्राने ठरवले, एवढेच उत्तर मिळते.

अशा मुलांना आम्ही जे सांगतो तेच येथे सांगून थांबतो. दोन रुपयांचे पेन आणि एक वही घ्या. रोज तारीख घाला. किती फेऱ्या, किती तास, किती मिळाले, किती कापले, एवढेच लिहा. शिव्या लिहू नका, त्या आपोआप आठवतात. महिनाअखेरीस दहा जणांनी दहा वह्या घेऊन एका ठिकाणी बसा. एकाच्या वहीत जे नशीब दिसते, ते दहा वह्यांत पद्धत म्हणून दिसू लागते. मग जो आकडा काढाल, तो घेऊन समोरच्याच्या मेजावर जा आणि त्याला त्याची वही उघडायला सांगा.